बी. रघुनाथ
बी. रघुनाथ, मूळ नाव भगवान रघुनाथ कुळकर्णी (जन्म : सातोना, १५ ऑगस्ट १९१३, मृत्यू : परभणी, ७ सप्टेंबर १९५३), हे मराठी कवी, कथाकार व कादंबरीकार होते.

हैदराबाद येथे मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर १९३२ साली त्यांनी परभणीस निजाम सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी पत्करली. ही नोकरी त्यांनी अखेरपर्यंत केली. दिवस कचेरीच्या कामात जाई. वाचन व लेखन उरलेल्या वेळात होई. संस्थानात कारभाराची भाषा उर्दू असताना त्यांनी मराठीतून सातत्याने लिहिले. ‘साकी’ (१९४०) हा कथासंग्रह व ‘आलाप आणि विलाप’ (१९४१) हा काव्यसंग्रह यांनंतर ‘हिरवे गुलाब’ (१९४३), ‘बाबू दडके’ (१९४४), ‘उत्पात’ (१९४५) व ‘म्हणे लढाई संपली’ (१९४६) या कादंबऱ्या दरवर्षी एक याप्रमाणे प्रसिद्ध झाल्या.

वयाची चाळिशी पूर्ण होऊन महिनाही उलटला नसताना त्यांचे निधन झाले. ‘आडगावचे चौधरी’ (१९५४) ही कादंबरी व ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ (१९५५) हा काव्यसंग्रह मरणोत्तर प्रकाशित झाले. लेखनासाठी स्वतंत्र सवड त्यांना कधीच लाभली नाही; तरीही मराठवाड्यातील आधुनिक मराठी साहित्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. परभणीतील सभागृहास त्यांचे नाव दिलेले आहे.