विश्लेषण : कुलूप फक्त चोरानेच का उघडायचे? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे गॅरी गायगॅक्स आणि एका नियमाची गोष्ट

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतील मुले तळघरात टेबलाभोवती बसून जो खेळ खेळतात, तो म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. या खेळात एक वाद जवळपास पन्नास वर्षे सुरू आहे. भुयारात कुलूपबंद दरवाजा लागला, तर तो उघडण्याचा हक्क कोणाचा? जुन्या नियमांनुसार उत्तर एकच होते : ‘चोर’ या वर्गातील पात्राचा. हा नियम छापून जगभर पोहोचवणारे गॅरी गायगॅक्स यांचे आयुष्य या नियमाइतकेच चढउतारांचे होते.

गायगॅक्स कोण होते?

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी आठ वर्षांचे असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावी राहायला गेले. बुद्धिबळ, युद्धाचे खेळ आणि अद्भुत कथांची मासिके यांत ते रमले. शालेय शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. पुढे शिकागोतील एका विमा कंपनीत त्यांनी जोखीम ठरवण्याचे काम केले. कोणत्या घटनेची शक्यता किती, हे आकड्यांत मांडणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता.

१९६८ मध्ये त्यांनी लेक जिनिव्हातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलरना भाड्याने घेऊन खेळाडूंचा मेळावा भरवला. ‘जेन कॉन’ हा आजचा मोठा मेळावा त्यातूनच वाढला. १९७० मध्ये विम्याची नोकरी गेली. पत्नी, मुले आणि घरखर्च सांभाळण्यासाठी ते घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करू लागले. उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहिणे चालूच होते.

खेळ कसा जन्माला आला?

१९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक आले. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी त्याचा आधार घेत सैन्याऐवजी एकेका खेळाडूला एकेक पात्र देणारा खेळ रचला. १९७२ च्या अखेरीस त्यांनी तो लेक जिनिव्हात दाखवला आणि दोघांनी मिळून नियम लिहायला घेतले. बालमित्र डॉन के यांच्यासोबत गायगॅक्स यांनी १९७३ मध्ये टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांची पेटी बाजारात आली. किंमत १० डॉलर, प्रती फक्त एक हजार.

पहिल्या नियमांत कुलूप कोण उघडायचे?

या खेळात एक सूत्रधार प्रसंग सांगतो आणि बाकीचे आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात. पहिल्या पेटीत तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे धर्मयोद्धा. चोर नव्हताच. भुयारातले दरवाजे बहुधा अडकलेले असत. कोणीही जोर लावावा आणि सहा बाजूंचा फासा टाकावा. एक किंवा दोन आले की दार उघडले. जादूगाराकडे बंद दार उघडणारा ‘नॉक’ नावाचा मंत्र होता. बाकीचे सारे खेळाडूच्या युक्तीवर आणि सूत्रधाराच्या निवाड्यावर अवलंबून असे. लढवय्याने खंजिराच्या टोकाने पेटीचे कुलूप खटपटून पाहतो असे म्हटले, तर त्याला मनाई करणारे एकही वाक्य पुस्तकात नव्हते.

मग ‘चोर’ आला कुठून?

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे एका छंदसाहित्याच्या दुकानाभोवती खेळाडूंचा गट जमत असे. त्यांनी कुलपे आणि सापळे हाताळणारा नवा वर्ग आपल्यापुरता तयार केला होता. दुकानदाराने १९७४ मध्ये फोनवरून ही कल्पना गायगॅक्स यांच्या कानावर घातली. त्यांनी तिला स्वतःचे रूप दिले आणि आधी एका लहान पत्रिकेत, मग १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ती छापली. फ्रिट्झ लायबर यांचा ग्रे माउसर आणि जॅक व्हान्स यांचा कुगेल ही त्यांच्या आवडत्या कथांतली चलाख पात्रे या वर्गामागे होती.

विमा कार्यालयातील आकडेमोडीची आठवण व्हावी असा तक्ता ‘ग्रेहॉक’मध्ये होता. पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता अवघी १५ टक्के, सापळा निकामी करण्याची १० टक्के. पातळी वाढेल तसे आकडे वाढत. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये कुलपाची सुरुवात २५ टक्क्यांवर आली, चोर बुटका, म्हणजे ड्वॉर्फ जमातीचा असेल तर आणखी १० टक्के. प्रयत्न फसला, तर पुढची पातळी गाठेपर्यंत त्या कुलपाला पुन्हा हात लावता येत नसे.

इतरांना मनाई का?

चोर हा लढाईत कच्चा. अंगावर फक्त चामड्याचे चिलखत, जीवशक्तीही कमी. लढवय्याने तलवारही चालवावी आणि कुलूपही उघडावे, तर चोराला सोबत कोण घेणार? प्रत्येकाकडे एक काम असे हवे, की ज्यासाठी इतरांना त्याची गरज पडेल. वर्गांचा सारा डोलारा ‘ज्याचे काम त्याने करावे’ या तत्त्वावर उभा होता. टेबलावरील सर्वांत दुबळ्या पात्रालाही आपली पाळी मिळावी, ही त्यामागची सोय होती.

आक्षेप काय होता?

एकाला दिलेला अधिकार इतरांसाठी बंदी ठरला. चोर येण्यापूर्वी दबक्या पावलांनी चालणे, सावलीत लपणे, कुलूप खटपटणे हे सारे कोणीही करून पाहत असे. तक्ता छापला गेल्यावर सूत्रधार सांगू लागले, की हे चोराचे काम, तुला जमणार नाही. त्यातही गंमत अशी की, चोराची शक्यता १५ टक्के, तर लढवय्याला दार धक्क्याने उघडण्याची सहापैकी दोन, म्हणजे सुमारे ३३ टक्के. जादूगाराचा मंत्र तर हमखास चालणारा. ज्याच्यासाठी कुंपण घातले, त्यालाच आतमध्ये फारसे काही मिळाले नाही, अशी तक्रार आजही जुने खेळाडू करतात.

स्वतःच्याच कंपनीबाहेर कसे पडले?

नियमांतील हक्कांचे वाटप करणाऱ्या गायगॅक्स यांना प्रत्यक्ष हक्कांचे वाटप सांभाळता आले नाही. जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेले आणि पुढे कंपनीत ब्लूम कुटुंबाचा वाटा वाढत गेला. श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा ठोकला. १९८१ मध्ये तडजोड झाली. खेळ अमाप खपत होता, पण खर्चही सुटला होता. गायगॅक्स हॉलिवूडमध्ये कार्टून मालिकेच्या कामात होते. परतल्यावर कंपनी कर्जात बुडालेली दिसली. व्यवस्थापनासाठी आणलेल्या लॉरेन विल्यम्स यांनी १९८५ मध्ये ब्लूम बंधूंचे समभाग विकत घेऊन ताबा मिळवला. गायगॅक्स न्यायालयात गेले, हरले आणि १९८६ च्या अखेरीस बाहेर पडले. ‘ग्रेहॉक’ हे त्यांनी आपल्या मुलांसोबत आणि मित्रांसोबत खेळत उभे केलेले जग. त्याचे हक्कही कंपनीकडेच राहिले.

नियम सैल कधी झाला?

कंपनी १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘चोर’ जाऊन ‘रोग’ हा वर्ग आला आणि कुलूप उघडणे हे शिकण्याजोगे कौशल्य झाले. इतर वर्गांनाही ते घेता येई, पण दुप्पट किमतीत. अवघड सापळे मात्र रोगसाठीच राखीव राहिले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रश्न अवजारांवर आला : चोराची हत्यारे वापरायला शिकलेले कोणतेही पात्र, मग तो गुन्हेगारीची पार्श्वभूमी असलेला क्लेरिक का असेना, कुलूप सफाईने उघडू शकते. ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडीओ गेम खेळणाऱ्यांना हीच मोकळीक ओळखीची असेल.

स्वतः गायगॅक्सही एका जागी थांबले नव्हते. १९९९ मधील त्यांच्या ‘लेजेंडरी अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात खेळाडू आधी कौशल्ये निवडतो. वर्गासारखी चौकट स्वीकारणे ऐच्छिक आहे. ज्यांच्या पुस्तकाने कुलपाचे काम एकाच वर्गाला बांधून दिले, त्यांनीच अखेर ती गाठ सैल केली.

४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लेक जिनिव्हातच त्यांचे निधन झाले. शेवटच्या वर्षांतही ते घरी आलेल्या खेळाडूंसोबत खेळत असत. वाद मात्र मिटलेला नाही. जुन्या पद्धतीने खेळणारे अनेक गट आजही चोराला पहिला मान देतात, तर काही जण चोराला वगळून १९७४ च्या तीन वर्गांकडे परत गेले आहेत. तिथे कुलूप समोर आले, की तक्ता न पाहता खेळाडूला विचारले जाते, की तो नेमके काय करणार आहे.