एडिसनचे दिवे आणि डॅलीचे हात

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की विजेचा दिवा आठवतो. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे योग्य पदार्थ शोधण्यात गेली. त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील मिलान या गावी झाला. लहानपणापासून त्यांना कमी ऐकू येई आणि शाळाही फारशी लाभली नाही. रेल्वेगाडीत वर्तमानपत्रे विकणारा हा मुलगा पुढे तारयंत्र शिकला. १८७६ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली.

दिव्यातील तार तापून उजळली पाहिजे, पण जळून तुटता कामा नये, हा मोठा पेच होता. प्लॅटिनम फार महाग पडले. ऑक्टोबर १८७९ मध्ये कोळसा केलेला सुती धागा हवा काढलेल्या काचेच्या फुग्यात काही तास टिकला. त्यानंतर त्यांनी हजारो वनस्पतींचे तंतू जाळून, तापवून पाहिले. शेवटी जो पदार्थ उपयोगी पडला, तो वालूरच्या घराघरांत सूप-टोपलीमुळे ओळखीचा आहे : बांबू! चांगल्या बांबूसाठी एडिसन यांची माणसे जपान, श्रीलंका आणि भारतापर्यंत फिरली. जपानी बांबूच्या तंतूवर दिवा हजार तासांहून अधिक काळ चालला.

१८९६ मध्ये त्यांचे लक्ष नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांकडे वळले. हे किरण पडताच चमकणारा पदार्थ त्यांना हवा होता. अनेक क्षार तपासल्यावर कॅल्शियम टंगस्टेट सर्वांत सरस ठरले आणि शरीरातील हाडे पडद्यावर दिसू लागली. क्लॅरेन्स डॅली हे सहकारी चाचणीसाठी स्वतःचेच हात किरणांसमोर धरत. या किरणांचा धोका तेव्हा कोणालाच पुरता कळला नव्हता. डॅली यांची त्वचा भाजली, जखमा चिघळल्या, कर्करोग झाला. दोन्ही हात कापूनही १९०४ मध्ये, चाळिशीच्या आतच, त्यांचा मृत्यू झाला. हादरलेल्या एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम कायमचे थांबवले.

शोधाची पद्धत मात्र तीच राहिली. निकेल-लोखंडाच्या बॅटरीसाठी त्यांनी सुमारे दहा वर्षे घालवली. म्हातारपणी रबराच्या चिकासाठी हजारो वनस्पती तपासल्या. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज हेच काम यंत्रमानव करू लागले आहेत. अमेरिकेतील बर्कले येथील प्रयोगशाळेत ते भुकट्या मोजतात, मिसळतात आणि भट्टीत तापवतात. तयार पदार्थाची तपासणी होते ती क्ष-किरणांनीच, पण तिथे कोणाचा हात मध्ये येत नाही. निकाल पाहून पुढचे मिश्रण कोणते घ्यायचे, हे कृत्रिम बुद्धिमत्ता सुचवते. २०२३ मध्ये १७ दिवसांत ४१ पदार्थ बनवल्याचा दावा तेथील संशोधकांनी केला. त्यांतले खरोखर नवे किती, यावर इतर रसायनशास्त्रज्ञांनी शंका घेतली. म्हणजे वेग वाढला, धोका घटला, तरी निकाल पारखण्याची जबाबदारी अजून माणसावरच आहे.