कवळाण्याचा गोपाळ

बडोद्याच्या ज्या पुण्यश्लोक पुरुषाचे स्मरण प्रथम व्हावे, तो जन्माने राजपुत्र नव्हता. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावी काशीराव गायकवाड या शेतकऱ्याच्या घरी 1863 साली गोपाळराव जन्मला. घराणे गायकवाडांचेच, परंतु या शाखेच्या वाट्याला वैभव नव्हते, होती ती शेती आणि गुरे.

1875 च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना पदच्युत केले. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली आणि वारसाचा शोध कवळाण्यापर्यंत पोहोचला. बडोद्यास आणलेल्या मुलांतून गोपाळची निवड झाली. 27 मे 1875 रोजी दत्तकविधी होऊन तो सयाजीराव झाला. तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता आणि त्यास अक्षरओळखही नव्हती.

वैभव चालून आले. त्याचे मोलही द्यावे लागले. आईबापांचे घर विधीने परके झाले. खेळण्याच्या वयात मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास एकदम अंगावर पडला. दिवाण सर टी. माधवराव राज्य सांभाळीत होते, तर गुरू एलियट या राजपुत्रास घडवीत होते. सहा वर्षांच्या कठोर शिस्तीनंतर, 28 डिसेंबर 1881 रोजी, अठराव्या वर्षी त्यांच्या हाती संपूर्ण राज्याधिकार आला.

अशा स्थितीत अनेकांस पूर्वीच्या दारिद्र्याची लाज वाटते आणि ऐश्वर्याचीच ओढ लागते. सयाजीरावांनीही लक्ष्मीविलास राजवाडा उभारला, दूरदूरचे प्रवास केले. त्यांना विरक्त म्हणता येणार नाही. परंतु विद्या आपल्याकडे उशिरा आणि केवळ दैवयोगाने आली, ती इतरांस दैवावर विसंबून मिळू नये, ही जाणीव त्यांच्या कारभारात पदोपदी दिसते. 1893 साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. 1910 मध्ये अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण करून गावोगावी मोफत वाचनालये उघडली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. 1913 साली भीमराव आंबेडकर या बुद्धिमान तरुणास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी त्यांनी शिष्यवृत्ती दिली. तिचे फळ साऱ्या देशाने पाहिले.

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. राज्ये गेली, संस्थाने विलीन झाली. एका खेड्यातील निरक्षर मुलास राजवाड्याचे दार उघडले, ही दैवाची लीला. त्याने पुढे हजारो मुलांसाठी पुस्तकांचे दार उघडले, हे मात्र त्याचे स्वतःचे कर्तृत्व. ग्रंथालयाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक वाचकावर कवळाण्याच्या त्या गोपाळचे ऋण आहे.