सॉकेटचे भाष्यकार

सूत्रे एकाने रचावीत आणि ती सामान्य अभ्यासकाला कळतील अशी दुसऱ्याने उलगडून दाखवावीत, ही भाष्यकारांची परंपरा भारतीय वाचकाला नवी नाही. संगणकशास्त्रासारख्या तरुण शास्त्रात मात्र असे भाष्यकार विरळाच. डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स हे त्यांतील अग्रणी. इंटरनेटचे मूळ नियम त्यांनी बांधले नाहीत, युनिक्स ही कार्यप्रणालीही त्यांची नव्हे. तरीही 'सी' भाषेत एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे माहिती पाठवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या किमान एका पिढीने त्यांचे ग्रंथ शेजारी उघडे ठेवूनच काम केले.

स्टीव्हन्स यांचा जन्म १९५१ साली आफ्रिकेतील लुआन्श्या या तांब्याच्या खाणींच्या गावी झाला. तेव्हाचा उत्तर ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झांबिया. बालपण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात विभागले गेले. १९७३ साली मिशिगन विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली ती हवाई व अवकाश अभियांत्रिकीची. विमान चालवण्याची त्यांना मनस्वी आवड होती. काही काळ ते वैमानिकांना शिकवतही असत. पुढे ॲरिझोना विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी आणि १९८२ साली डॉक्टरेट मिळवली. या काळात ते टूसॉनजवळच्या किट पीक राष्ट्रीय वेधशाळेत प्रोग्रामर होते. त्यानंतरची आठ वर्षे कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे एका कंपनीच्या संगणक विभागाची धुरा सांभाळण्यात गेली.

याच सुमारास, १९८३ साली, बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सच्या ४.२ या आवृत्तीत 'सॉकेट' अवतरले. फाइलमध्ये लिहावे तसे दूरच्या संगणकाला लिहावे आणि फाइल वाचावी तसे त्याचे बोलणे वाचावे, ही मूळ कल्पना. वरवर अतिशय सोपी आणि म्हणूनच फसवी. माहितीपत्रकांत प्रत्येक फंक्शनचे वर्णन होते. पण ती एकत्र कशी गुंफायची आणि कुठे घात होतो, हे सांगणारे कुणी नव्हते. १९९० साली आलेल्या 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाने ती उणीव भरून काढली.

घात कुठे होतो, हे एका उदाहरणावरून कळेल. टीसीपीच्या जोडणीवरून पाठवलेली माहिती पाकिटांसारखी पोहोचत नाही. ती नळातल्या पाण्यासारखी वाहते. एका टोकाला दोन बादल्या ओतल्या, म्हणून दुसऱ्या टोकाला दोनच बादल्या निघतील असे नाही. पाठवणाऱ्याने एका दमात हजार बाइट लिहिले तरी वाचणाऱ्याच्या हाती आधी सहाशे आणि मग चारशे येऊ शकतात. नवशिक्याचा प्रोग्राम आपल्याच टेबलावर, एकाच संगणकात उत्तम चालतो. ग्राहकाकडे, दूरच्या आणि मंद जोडणीवर गेला की अधूनमधून अर्धाच मजकूर वाचून मोकळा होतो. स्टीव्हन्स यांनी यासाठी ग्रंथात 'रीडएन' आणि 'राइटएन' अशी छोटी फंक्शने दिली. ठरलेले बाइट पूर्ण होईपर्यंत वाचत किंवा लिहीत राहायचे, एवढेच त्यांचे काम. जेमतेम वीस ओळींची ही फंक्शने असंख्य प्रोग्राममध्ये जशीच्या तशी उतरली.

त्याहून सूक्ष्म मुद्दा असा, की लिहिण्याचे फंक्शन यशस्वी झाले म्हणजे माहिती पोहोचली असे नव्हे. ती केवळ आपल्याच संगणकाच्या बफरमध्ये उतरवली गेली, इतकाच त्याचा अर्थ. समोरचा संगणक त्याच क्षणी बंद पडला, तर यशाची पावती हातात आणि माहिती गहाळ. बँकेचे व्यवहार लिहिणाऱ्याला हा फरक ठाऊक नसणे परवडणारे नाही.

आकड्यांचेही तसेच. इंटेलच्या संगणकात संख्येचा कनिष्ठ बाइट आधी ठेवला जातो, नेटवर्कवर ज्येष्ठ बाइट आधी जातो. मधले रूपांतर विसरले, तर १३ क्रमांकाच्या पोर्टऐवजी ३३२८ क्रमांकाचा दरवाजा ठोठावला जातो, आणि कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

१९९० साली स्टीव्हन्स टूसॉनला परतले ते पूर्णवेळ लेखक आणि सल्लागार म्हणून. १९९२ साली युनिक्सच्या प्रगत प्रोग्रॅमिंगवरील ग्रंथ आला, १९९४ साली 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड'चा पहिला खंड. हा खंड त्यांच्या पद्धतीचा कळस होय. नियम काय सांगतो, यावर ते थांबत नसत. तारेवरून खरोखर काय गेले ते टिपून छापत. त्यासाठीचे काही संगणक त्यांच्या स्वतःच्या छोट्या नेटवर्कवर होते आणि हे नेटवर्क टेलिफोनच्या डायल-अप जोडणीने वेधशाळेच्या नेटवर्कला जोडलेले होते. गॅरी राइट यांच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या खंडात तर बर्कलीच्या प्रणालीतील 'सी'च्या सुमारे १५ हजार ओळींवर सविस्तर भाष्य आहे. पानांची जुळणीही 'ट्रॉफ' हे जुने साधन वापरून ते स्वतःच करीत. या हट्टाला काहीजण हसत. पण छापलेला प्रोग्राम आणि चालवून पाहिलेला प्रोग्राम यांत तफावत राहू नये, हा त्यामागचा लाभ नाकारता येत नाही.

भारतातही 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग'च्या स्वस्त आवृत्तीमुळे हा ग्रंथ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला.

१९९८ साली या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचा पहिला खंड आणि १९९९ साली दुसरा खंड प्रसिद्ध झाला. आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी सॉकेट कसे वाढवावे, याचे दस्तऐवज तयार करणाऱ्यांतही ते होते. १ सप्टेंबर १९९९ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी युसेनिक्स संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला. त्यांच्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या इतरांनी सिद्ध केल्या: सॉकेटच्या खंडाची २००३ साली, युनिक्सच्या ग्रंथाची २००५ आणि २०१३ साली, तर टीसीपी/आयपीच्या पहिल्या खंडाची २०११ साली. 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग'चा योजलेला तिसरा खंड मात्र लिहायचा राहून गेला.