डॉक्टर आनंदीबाई जोशी
बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही स्थानके ओलांडली, की कल्याण येते. १८६५ साली जन्मलेली यमुना याच कल्याणात वाढली. नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी विवाह होऊन ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला पुत्र झाला. पण दहा दिवसांतच तो दगावला. त्या कोवळ्या मातेचे दुःख काय वर्णावे! परंतु आपण वैद्यकी शिकून इतर स्त्रियांचे हाल टाळावेत, ही आशा त्या दुःखातच उगवली. पतीस मागे ठेवून १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस निघाल्या. तेथील कडक थंडीतही त्यांनी स्वधर्म सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. तो आनंदसोहळा पाहण्यास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. क्षयाने पोखरलेल्या देहानिशी आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. त्यांची रक्षा अमेरिकेतील कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.