शून्याचा शिल्पकार : रॉबर्ट नीलंड
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

क्रीडांगणावर टाळ्या कोणाला मिळतात? जो गुण मिळवतो त्याला. जो प्रतिपक्षाला गुण मिळवू देत नाही, त्याच्या वाट्याला टाळी क्वचितच येते. जगाची ही रीतच आहे.

मी आपल्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळते. गेल्या वर्षी एक अटीतटीचा सामना आम्ही जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चढाई करणाऱ्या आमच्या दोन मैत्रिणींची नावे छापून आली. ती यायलाच हवी होती. पण शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्या संघाची एकही चढाई सफल झाली नव्हती, याचा उल्लेख त्या बातमीत कोठेच नव्हता. मी मनातून खट्टू झाले होते. आमच्या क्रीडाशिक्षकांच्या ते ध्यानात आले असावे. त्यांनी मला एका अमेरिकन माणसाचे नाव सांगितले आणि त्याचे चरित्र वाचायला सांगितले. ते नाव म्हणजे रॉबर्ट नीलंड. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजी वाचताना पदोपदी अडत होते. तरीही शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचत गेले. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम त्या खेळाविषयी थोडे सांगायला हवे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन पळता येते, फेकता येतो आणि लाथाडताही येतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात आणि मैदान शंभर यार्ड लांबीचे असते. चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. समोरचे अकरा जण अंगावर येऊन अडवतात. आपल्या कबड्डीतील पकड डोळ्यांपुढे आणली म्हणजे या अडवणुकीची थोडी कल्पना येईल. तेथील महाविद्यालयांचे सामने पाहायला आज एकेका मैदानावर लाखभर माणसे जमतात. मोठ्या संघांत आक्रमण शिकवायला एक आणि बचाव शिकवायला एक असे स्वतंत्र प्रशिक्षक असतात. नीलंड यांच्या काळी तेच अकरा खेळाडू आक्रमणही करीत आणि बचावही. प्रशिक्षकालाही दोन्हींचा विचार करावा लागे. पण बचाव हाच खेळाचा पाया आहे हे ज्यांनी सिद्ध करून दाखवले, त्यांत नीलंड यांचे नाव अग्रभागी आहे.

रॉबर्ट रीझ नीलंड यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९२ रोजी टेक्सास राज्यातील ग्रीनव्हिल या गावी झाला. पुढे वेस्ट पॉइंट येथील सुप्रसिद्ध लष्करी अकादमीत त्यांना प्रवेश मिळाला. तेथे ते फुटबॉल खेळले, बेसबॉलमध्ये उत्तम गोलंदाज म्हणून गाजले आणि मुष्टियुद्धातही त्यांनी अजिंक्यपद मिळवले. १९१६ साली ते पदवीधर होऊन लष्कराच्या अभियंता दलात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले. युद्धानंतर वेस्ट पॉइंटचे प्रमुख डग्लस मॅकआर्थर यांचे साहाय्यक अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. पुढे दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेले सेनापती मॅकआर्थर ते हेच.

१९२५ साली टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथील विद्यापीठात विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्यासाठी नीलंड यांची नेमणूक झाली. फुटबॉल संघाचे साहाय्यक प्रशिक्षक हे त्यांचे जोडकाम होते. दुसऱ्याच वर्षी, १९२६ मध्ये, ते मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा संघ टेनेसीला वर्षानुवर्षे धूळ चारीत असे. हे चित्र पालटावे, ही अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या क्रीडा कारभाराचे सूत्रधार नेथन डॉगर्टी यांची प्रमुख अपेक्षा होती. पहिल्या वर्षी नीलंड यांचा संघ एकच सामना हरला, आणि तोही व्हँडरबिल्टशीच! पण १९२८ साली त्यांनी व्हँडरबिल्टला नमवले आणि पुढे बहुतेक वर्षे पारडे टेनेसीच्या बाजूनेच झुकत राहिले.

हे परिवर्तन कशाने घडले? नीलंड अभियंता होते. धरण बांधणारा अभियंता पाणी कोठून फुटेल याचा विचार आधी करतो. नीलंड यांनीही खेळाचा विचार त्याच पद्धतीने केला. सामना पराक्रमाने जितका जिंकला जातो, त्याहून अधिक तो चुकांनी गमावला जातो, असे त्यांचे मत होते. म्हणून आपल्या चुका कमी करायच्या आणि प्रतिपक्षाला चुका करायला भरपूर वाव द्यायचा, हे त्यांचे सूत्र होते. ते पुष्कळदा आपले सर्व प्रयत्न संपण्यापूर्वीच चेंडू दूर लाथाडून प्रतिपक्षाच्या हवाली करण्यास सांगत. पाहणाऱ्याला हा भित्रेपणा वाटे. वस्तुतः त्यामागे हिशेब होता. प्रतिपक्षाला त्याच्याच गोलरेषेजवळ चेंडू मिळाला म्हणजे त्याला मैदानाची सगळी लांबी ओलांडावी लागते. वाटेत शिस्तबद्ध अकरा जण उभे असतात. केव्हा तरी त्याचा पाय घसरतो, हातून चेंडू सुटतो, आणि मग आपल्याला संधी मिळते. एकेक हालचाल ते खेळाडूंकडून शेकडो वेळा करवून घेत, म्हणजे ऐन सामन्यात विचार करीत बसावे लागू नये. सामन्यांचे चित्रपट काढून त्यांचा अभ्यास करणे, उंचावर बसवलेल्या माणसाने दूरध्वनीवरून मैदानाकाठच्या प्रशिक्षकाला माहिती देणे, या गोष्टी अगदी सुरुवातीला करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

लष्कराची चाकरी मात्र सुटली नव्हती. १९३५ साली त्यांची बदली पनामा कालव्याच्या प्रदेशात झाली. त्या वर्षी टेनेसीचा संघ जिंकला त्यापेक्षा अधिक सामने हरला. १९३६ मध्ये नीलंड लष्करातून निवृत्त होऊन परतले. त्यानंतर आला त्यांचा सुवर्णकाळ. १९३८, १९३९ आणि १९४० या तीनही वर्षी नियमित मोसमातील दहाच्या दहा सामने त्यांच्या संघाने जिंकले. त्यातही १९३९ सालचा पराक्रम अपूर्व होता. दहा सामन्यांत टेनेसीचे २१२ गुण झाले, आणि दहाही प्रतिपक्षांचे मिळून झाले शून्य! संपूर्ण नियमित मोसमात एकही गुण न देण्याची कामगिरी त्यानंतर अमेरिकेतील वरच्या श्रेणीच्या कोणत्याही महाविद्यालयीन संघाला साधलेली नाही. १९३८ ते १९४० या काळात नियमित मोसमातील लागोपाठ सतरा सामन्यांत त्यांच्याविरुद्ध कोणाला खाते उघडता आले नाही.

दैव कसे असते पाहा. १ जानेवारी १९४० रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे रोझ बोलचा प्रतिष्ठेचा सामना झाला. टेनेसीचा प्रमुख खेळाडू जॉर्ज कॅफेगो गुडघ्याच्या दुखापतीने जायबंदी होता. सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने टेनेसीला १४–० असे हरवले. ज्यांनी वर्षभर इतरांना शून्यावर रोखले, त्यांच्याच नावापुढे शेवटी शून्य लागले. हे वाचताना मला त्या खेळाडूंविषयी फार वाईट वाटले. परंतु बचाव करणाऱ्याचे जीवन असेच असते. शंभर वेळा अडवले ते कोणी मोजत नाही, एकदा निसटले ते सर्वांच्या लक्षात राहते.

१९४१ साली लष्कराने त्यांना पुन्हा बोलावले. नीलंड यांच्या आयुष्याचा एक धागा आपल्या देशाशी येथे जोडला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ते कलकत्त्याच्या अमेरिकन लष्करी तळाचे प्रमुख होते. बोटींतून उतरणारा युद्धसामग्रीचा प्रचंड साठा आसामच्या दिशेने, आणि तेथून पुढे ब्रह्मदेश व चीनच्या आघाडीकडे रवाना करायचा, हे त्या तळाचे काम. ज्या बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती, त्याच बंगालच्या बंदरातून ही सामग्री जात होती, हे आपल्याला विसरता येणार नाही. नीलंड येथे ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यावर होते. रणांगणावरच्या वीरांची नावे इतिहासात येतात. त्यांना वेळेवर दारूगोळा आणि अन्न पोचवणाऱ्यांची क्वचितच येतात. हेही पडद्यामागचेच काम!

१९४६ मध्ये ते नॉक्सव्हिलला परतले. तोवर खेळ पालटला होता. आक्रमणाच्या नव्या रचना रूढ झाल्या होत्या आणि नीलंड मात्र आपली जुनी रचना सोडायला तयार नव्हते. १९४७ व १९४८ ही वर्षे सामान्य गेली. म्हाताऱ्याचे दिवस संपले, अशी कुजबुज सुरू झाली. नीलंड यांनी वादविवाद केला नाही, ते तालमी घेत राहिले. १९५१ साली त्यांचा संघ नियमित मोसमात अपराजित राहून राष्ट्रीय विजेता ठरला. १९५२ नंतर प्रकृतीच्या कारणाने त्यांनी प्रशिक्षकपद सोडले, पण विद्यापीठाचे क्रीडासंचालक म्हणून ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. एकूण २१६ सामन्यांपैकी १७३ जिंकले, ३१ हरले, १२ बरोबरीत सुटले. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडा निराळाच आहे. त्यांपैकी ११२ सामन्यांत प्रतिपक्षाला एकही गुण मिळाला नाही.

तथापि एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. नीलंड यांच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्या विद्यापीठाच्या पदवी वर्गांची दारे कृष्णवर्णीयांना १९६१ पर्यंत बंदच होती. फुटबॉल संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लेस्टर मॅक्लेन, मैदानात उतरला तो १९६८ साली. तेव्हा नीलंड हयात नव्हते. हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसले. ज्या घरातून कोणी कधी वर्गात बसले नव्हते अशा घरातून मी आले आहे. बंद दार बाहेरून कसे दिसते हे मला कोणी समजावून सांगायला नको. उत्तम बचाव म्हणजे काय हे मी नीलंड यांच्याकडून शिकेन. पण कोणाला कोठे अडवावे आणि कोणाला कोठे अडवू नये, हे प्रत्येकाने स्वतःच्या विवेकाला विचारायला हवे. थोर माणसाचे चरित्र वाचताना त्याचे गुण घ्यावेत, मात्र त्याच्या काळाचे दोष झाकू नयेत, असे मला वाटते.

२८ मार्च १९६२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे नीलंड यांचे निधन झाले. टेनेसी नदीच्या काठच्या त्या क्रीडांगणाला त्याच वर्षी त्यांचे नाव देण्यात आले होते. १९२१ साली तेथे जेमतेम ३२०० प्रेक्षकांची सोय होती. आज एक लाखाहून अधिक माणसे तेथे बसू शकतात. त्या विस्ताराचा पायाही या अभियंत्यानेच घातला होता.

हे सारे वाचून झाले तेव्हा मी दिवाळीच्या सुटीत गावी होते. रात्री माझे वडील जागलीला निघाले होते. दुसऱ्याच्या शेतात माळ्यावर बसून ते रात्रभर रानडुकरे हाकलतात. सकाळी पीक जसेच्या तसे उभे असते. जे खाल्ले गेले नाही त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. मी त्यांना नीलंड यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, त्या माणसाला पगार किती होता एवढे विचारले, आणि बॅटरी घेऊन ते शिवाराकडे चालू लागले.

यंदाही मी डावा कोपराच मागून घेतला आहे. वर्तमानपत्रात नाव येवो वा न येवो, सामना संपल्यावर मी प्रथम फलकावरचा प्रतिपक्षाचा आकडा पाहते.