धर्मानंद कोसंबी : परंपरा अनेक, आचार एक

गोव्यातील सांखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण अल्प आणि प्रपंचाचा भार लवकर अंगावर पडलेला, अशा स्थितीत 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनाची पकड घेतली. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व लहान मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. करुणेच्या धर्माचा शोध स्वजनांच्या दुःखापासून सुरू झाला, हे या चरित्रातील पहिले शल्य होय.

पुण्यात त्यांनी डॉ. रा. गो. भांडारकरांचे मार्गदर्शन घेतले. काशीत अन्नछत्राच्या आधारावर संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ साली जिवंत बौद्ध धर्म पाहण्याच्या आशेने ते नेपाळात गेले. परंतु तेथील आचार पाहून त्यांची निराशा झाली. पुढे सिंहलद्वीपात विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी श्रामणेरदीक्षा व पालीचे पाठ घेतले, तर ब्रह्मदेशात भिक्षुजीवन व ध्यानाभ्यास अनुभवला. अशा रीतीने एकाच शास्त्याचा वारसा सांगणाऱ्या भिन्न परंपरा त्यांनी ग्रंथांतून नव्हे, तर त्या त्या देशात राहून पाहिल्या.

या अनुभवाने ते कोणत्याही एका संप्रदायाचे प्रचारक झाले नाहीत. हार्वर्ड विद्यापीठात, हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने अपुऱ्या राहिलेल्या 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाला त्यांनी १९१० पासून अनेक वर्षे वाहून घेतले. बुद्धघोषाचा हा ग्रंथ स्थविरवादाचा आधारस्तंभ. मात्र महायानी शांतिदेवाचा 'बोधिचर्यावतार'ही त्यांनी तितक्याच आस्थेने देशी भाषेच्या वाचकांपुढे ठेवला. एका ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या भावना चित्ताच्या साधना म्हणून येतात. दुसऱ्यात परदुःख आपले मानण्याचा बोधिसत्त्वाचा संकल्प येतो. मतमतांतरे मिटवून दोहोंना एका सिद्धांतात बसविण्याचा खटाटोप कोसंबींनी केला नाही. दोन्ही वाटा जेथे मिळतात ते स्थान आचरणाचे आहे, ही त्यांच्या कार्यातून दिसणारी धारणा होय.

तिची कसोटी त्यांनी स्वतःवरच लावली. १९०६ च्या सुमारास चीवर उतरवून ते अध्यापनाकडे व संसाराकडे परतले. कलकत्त्यातील अधिक लाभाचे स्थान सोडून, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी स्वीकारले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला. १९३७ साली मुंबईतील परळच्या गिरणगावात, श्रमिक व अस्पृश्य गणलेल्या लोकांसाठी, त्यांनी 'बहुजन विहार' उभारला. विहाराची जागा अरण्यात नसून चाळींच्या शेजारी असावी, हा निर्णयच त्यांच्या करुणाविचाराचे भाष्य ठरतो.

'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची चमत्कारिक कथा बाजूला सारून शाक्य व कोलीय यांच्यातील कलहाकडे लक्ष वेधले. शस्त्राने शस्त्राला उत्तर देण्याचा वीट हे गृहत्यागाचे कारण मानले, की वैराग्य हा सामाजिक प्रश्न होतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या या तंट्याला पुढे डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही मध्यवर्ती स्थान मिळाले.

उत्तरायुष्यात पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचे त्यांना विशेष आकर्षण वाटू लागले. देह जर्जर झाल्यावर, इतरांवर भार होऊन जगू नये या भावनेने, जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. आत्यंतिक देहदंड नाकारणाऱ्या बुद्धाच्या अभ्यासकाने जैन परंपरेतील मरणाचा मार्ग निवडावा, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनाही अस्वस्थ करते. ती झाकण्याचे कारण नाही. घर सोडताना ज्या माणसाने आपल्या माणसांवर भार टाकला होता, त्याने अखेरीस तो कोणावरही न टाकण्याचा निश्चय केला. संप्रदायांच्या सीमा त्यांनी वादात ओलांडल्या नाहीत. जगण्यात ओलांडल्या, आणि त्याचे मोलही स्वतःच चुकविले.